मनोऱ्यावरून दिसणारं घर

मोबाइल खाली ठेवा रे दोघंही. गोष्ट काही फार मोठी नाही. आणि भूतबीत मी स्वतः कधी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण कप्तानला मी तीस वर्षं ओळखतो. तो थापा मारणाऱ्यातला नाही. त्याला थाप सुचतच नाही.

कप्तान म्हणजे आपला मिनीबसवाला. दर रविवारी माणसं भरून निघायचा. सकाळी पक्ष्यांचं तळं, दुपारी धरणाखालची बाग, परतताना टेकडीवरचा मनोरा. त्या मनोऱ्यावरून आपलं अख्खं गाव दिसतं. लोक धापा टाकत लोखंडी जिना चढतात, आणि वर जाऊन काय शोधतात, तर आपापलंच घर!

वहिनी, म्हणजे त्याची बायको, नेहमी म्हणायची, "सगळ्या गावाला फिरवता, मला कधी नेणार?"

"पुढच्या रविवारी. जागा उरली की."

जागा कधी उरलीच नाही. मग एका रविवारी शेजाऱ्यांनी वहिनीला दवाखान्यात नेलं, तेव्हा हा धरणावर होता. तिथे फोनला रेंज नसते. संध्याकाळी आला तोवर सगळं आटोपलं होतं.

तो रडला नाही. पुढच्या रविवारी बस काढली. मी म्हटलं, "अरे, थांब ना जरा." तर म्हणाला, "बुकिंग होतं." बस, एवढंच. ताट समोर आलं तर जेवायचा, नाही आलं तर नाही. ऐन थंडीत गार पाण्यानं आंघोळ करायचा. पाणी तापवायचं असतं हेच लक्षात यायचं नाही. दात काढताना सुई देतात ना, तसा अख्खा माणूस बधिर झाला होता.

तर, गेल्या जानेवारीतला तिसरा रविवार. सगळ्यांना घरी सोडून हा बस पुसत होता. सात वाजता एका प्रवासी आजींच्या सुनेचा फोन आला. "काका, आईंचं कानाचं मशीन मनोऱ्यावर बाकावर राहिलंय. उद्या गेलात तरी चालेल हो."

"आत्ताच जातो. घरी तरी काय आहे?"

सात चाळीसला फाटकाशी पोचला. रखवालदार कुलूप लावायच्या बेतात होता.

"पाच मिनिटांत या. वरचा दिवा गेलाय."

"वर कोणी नाही ना?"

"या थंडीत कोण मरायला येतंय?"

कप्तान चढला. मशीन बाकावरच होतं. मुठीत धरलं तर बारीक शिट्टी वाजायला लागली. ती मशीनं वाजतात तशी. समोर गावाचे दिवे. तो निघणार, एवढ्यात जिना वाजला.

कोणीतरी वर येत होतं.

रखवालदार असेल, म्हणून हा थांबला. पण पावलं हलकी होती. चार पायऱ्या चढायच्या... थांबायचं... दम घ्यायचा. पुन्हा चार पायऱ्या.

शेवटची पायरी वाजली.

वर कोणीच आलं नाही.

मुठीतली शिट्टी थांबली.

मी विचारलं त्याला, "घाबरला नाहीस?" म्हणाला, "घाबरायला हवं होतं. कळत होतं मला. पण आत काही हललंच नाही." तो तसाच कठड्याला धरून उभा राहिला. डाव्या बाजूला... अगदी खांद्याशी... श्वास.

मग आवाज आला. "आपलं कुठलं हो?"

त्याने मान वळवली नाही. बोट वर केलं. दर रविवारी प्रवाशांना सांगायचा तसंच सांगायला लागला. "ते रेल्वे स्टेशन. तो लाल दिवा, ती पाण्याची टाकी. टाकीच्या डावीकडे... ते आपलं."

"तिथे अंधारच आहे की."

"हो."

"दिवा नाही लावला?"

"कोण लावणार?"





मग कप्तान म्हणाला, "मला रेंज नव्हती गं."

खालून रखवालदाराची हाक आली, "ओ कप्तान! झोपलात का काय?"

हा खाली उतरला. मागे पावलं वाजत होती का, मी विचारलं. म्हणाला, "मी ऐकलं नाही." म्हणजे वाजली नाहीत, की ऐकायचंच नव्हतं... ते काही मी विचारलं नाही.

आजींचं मशीन देऊन तो घरी गेला. पहाटे साडेपाचला माझं दार वाजलं. दारात कप्तान. "जरा चल," एवढंच म्हणाला.

बस अंगणात उभी. दारं बंद. त्याने बॅटरी मारली ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर.

सीट रिकामी होती. सीटचा पट्टा लावलेला होता. खटका बसलेला.

आणि पोरांनो, तो पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे होता. ताणलेला.

आम्ही दोघं काचेतून बघत उभे राहिलो...

तो हळूच खाली-वर होत होता.