लाल बाजूचं मौन

"माझ्या वडिलांनी खरंच फितुरी केली असेल, तर तेही सांगा," ज्युडिथ वेनराइट म्हणाली. "पण गुरुवारच्या आत सांगा."

खासगी तपास करणाऱ्या लोरेन फिचने तिला बसायची खूण केली. रॉस्को पिकेटने हातातलं अर्धं सँडविच कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलं. वॉशिंग्टनच्या पोलिसखात्यातून निवृत्त झाल्यापासून तो लोरेनची गाडी चालवत असे आणि तिच्या प्रत्येक प्रकरणात पहिला चुकीचा तर्क मांडत असे. तो आपला मान आहे, असं तो म्हणे.

"गुरुवारी काय आहे?" लोरेनने विचारलं.

"सिनेटची समिती बंद दाराआड बसणार आहे. तैवानकडे आणखी आरमार पाठवायचं की नाही, ते ठरवायला. माझा ओवेन त्यातल्याच एका जहाजावर आहे. माझा मुलगा." ती पुढे म्हणाली. "डॅडची साक्ष होणार होती. बीजिंगमध्ये इतकी वर्षं काढलेला राजदूत. तो 'पाठवू नका' म्हणाला असता, तर निदान दोघा-तिघांनी ऐकलं असतं. आता कोण ऐकणार? त्याला फितूर ठरवलंय."

हकिगत पिकेटने वर्तमानपत्रात वाचली होती. पोटोमॅक अभ्यास मंडळ नावाच्या संस्थेने एका बंदिस्त खोलीत युद्धाचा खेळ मांडला होता. निळी बाजू अमेरिकेची, लाल चीनची. लाल बाजूला ज्युडिथचे वडील हॉलिस वेनराइट एकटे. निळ्या बाजूचे राष्ट्राध्यक्ष झाले होते निवृत्त अॅडमिरल क्लेटन प्रुइट. खेळ संपला तो सर्वनाशात. मंडळाने वर अहवाल धाडला: निळ्या बाजूने समेटाचा हात पुढे केला, लाल बाजूने उत्तरसुद्धा दिलं नाही, म्हणून आरमार वाढवा.

त्यानंतर बातमी फुटली. खेळातल्या राष्ट्राध्यक्षांनी मध्यंतरात कुजबुजत म्हटलेली दोन वाक्यं पहिल्या पानावर छापून आली. 'आपण त्यांच्यासाठी जाणार नाही. हे त्यांना कुणीतरी आत्ताच सांगायला हवं.' तैपेईत बँकांपुढे रांगा लागल्या. इकडे सिनेटर खवळले. आणि आळ आला वेनराइटांवर.

"तुमचे वडील काय म्हणतात?" लोरेनने विचारलं.

"काहीच नाही," ज्युडिथ म्हणाली. "साक्षीला जायचंच नाही म्हणतो."

*

तिघं जॉर्जटाउनमधल्या वेनराइटांच्या घरी पोचले, तेव्हा स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारमारून घर डोक्यावर घेत होती. म्हातारे दिवाणखान्यात मनगटावरच्या घड्याळाला शांतपणे चावी देत बसले होते.

"डॅड! किटली!" ज्युडिथ त्यांच्या पाठीमागून ओरडली. ते हलले नाहीत. "बघा. दोन वर्षं झाली, हे असंच. मनात नसलं की ऐकायचं नाही. हॉटेलात वेटरने मागून हाक मारली, तरी मान वळवणार नाही. राजदूत ना!"

लोरेन आत जाऊन किटली बंद करून आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा होता. त्यावर वाटाण्याएवढ्या बॅटऱ्या ओळीने चिकटवलेल्या. पिकेटला तो दाखवून तिने परत साखरेच्या बरणीमागे ठेवला.

"घड्याळाच्या असतील," पिकेट म्हणाला.

"असतील," लोरेन म्हणाली आणि वेनराइटांसमोर जाऊन बसली. आता मात्र त्यांनी तिच्या प्रत्येक प्रश्नाला नीट, सभ्य उत्तर दिलं. तिच्या चेहऱ्यावरची नजर त्यांनी एकदाही हलवली नाही.

"बातमी तुम्ही फोडलीत?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

"बाईसाहेब, मी गप्प बसलो त्याचं पुरेसं भोगून झालंय. आता बोलून काय होणार?"

गाडीत बसल्यावर पिकेट म्हणाला, "यानेच केलंय. नजर बघितलीस? खोटं बोलणारा माणूसच असा टक लावून बघतो."

"किंवा?"

"किंवा काय?"

"काही नाही. गाडी काढ."

*

मंडळाच्या त्या खोलीबाहेर भिंतीत टपालाच्या खणांसारखे लाकडी खण होते. पहारेकरी म्हणाला, "बॅटरीवर चालणारं काही आत जात नाही, मॅडम. फोन, मनगटावरची नवी घड्याळं, सगळं इथे. एका सिनेटरसाहेबांची गाडीची किल्लीसुद्धा ठेवून घेतली होती मी. शिव्या खाल्ल्या."

"आणि राजदूत वेनराइट?"

"जुन्या वळणाचा माणूस. फोन ठेवायचे आणि एक छोटी डबी. अंगठीची असते ना, तशी. फार जपून ठेवायचे. पाठ फिरवून."

पिकेटला गलबलून आलं. "बायकोची अंगठी," तो लोरेनला हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी वारली ना ती."

लोरेनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आज पहिल्यांदाच आपला तर्क बरोबर निघाला.

अॅडमिरल प्रुइट ताठ, रुंद खांद्यांचे गृहस्थ होते. आडपडदा न ठेवता बोलले. "छापलंय ते खरं आहे. दोन्ही वाक्यं शब्दन् शब्द माझी. मध्यंतरात कॉफीच्या टेबलापाशी, टॉलिव्हरला म्हणालो मी. चौकशीत मला विचारलं, जवळ कोण होतं. मी खरं ते सांगितलं. हॉलिस माझ्या पाठीमागे कॉफी ओतून घेत होता. हात लांब केला असता तर लागला असता."

ग्रेडी टॉलिव्हर हा खेळातला राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार. खऱ्या आयुष्यातही त्याला तेच व्हायचं होतं, आणि ते त्याच्या टायवरूनसुद्धा कळत होतं.

"अॅडमिरल म्हणाले, 'आपण त्यांच्यासाठी जाणार नाही.' बस्स. तेवढ्यात पंचाने, कोरिनने, घंटा वाजवली आणि मी पळालो. ते दुसरं वाक्य पेपरवाल्यांनी पदरचं घातलंय. त्यांचा धंदाच तो."

"अॅडमिरल तर म्हणतात, तेही त्यांचंच."

"मग माझ्या पाठीला म्हणाले असतील! मी नाही ऐकलं, बाई. माझी नेमणूक अडकलीये, मला यात कशाला ओढता?"

"हाच तो," पिकेट जिन्यात म्हणाला. "नेमणुकीसाठी आईला विकेल."

शेवटी कोरिन बाप्टिस्ट. मंडळाचे खेळ तीच मांडत असे आणि पंचही तीच. तुटक, नेमकं बोलणारी बाई.

"टॉलिव्हर? घंटेसरशी आला. तोंडात बिस्किट तसंच होतं. अॅडमिरल मागे एकटेच हवेशी बोलत उभे होते. मला हसू आलं, म्हणून लक्षात आहे."

"आणि शेवटची चाल?"

"बाकीच्या चाली चिठ्ठीवर येतात. समेटाचा प्रस्ताव मात्र पंच मोठ्याने वाचतो. संकटाच्या वेळी जसं व्हावं तसं. पडद्यावर नकाशा होता म्हणून दिवे मालवले होते. मी नकाशाकडे तोंड करून वाचलं: तुमची जहाजं मागे घ्या, आम्ही आमची घेतो. लाल बाजूकडून उत्तर नाही. वाट पाहिली. आमच्याकडे नियम आहे, मौन म्हणजे नकार."

"त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही?"

"शब्द नाही. दिवे लागले तेव्हा आपल्या चिठ्ठीवर क्षेपणास्त्रांची चाल लिहून शांत बसले होते. इतका थंड माणूस मी पाहिलेला नाही."

*

बुधवारी दुपारी लोरेनने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. वेनराइट ज्युडिथच्या आग्रहाखातर आले. दाराशी ते फोन आणि डबी खणात ठेवू लागले, तेव्हा लोरेनने मधे हात घातला.

"आज खेळ नाही, गुपितं नाहीत. आज डबी उघडा आणि ती घेऊनच आत या."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डबी उघडली. आत कानात घालायची दोन नखाएवढी यंत्रं होती.

"डॅड?" ज्युडिथच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अंगठीला बॅटरी लागत नाही, पिकेट," लोरेन म्हणाली. "मग ती दाराबाहेर कशाला ठेवायची? आणि यांच्या घड्याळाला चावी द्यावी लागते. मग घरातल्या त्या बॅटऱ्या कसल्या? मुलीसमोर यंत्रं काढून ठेवलेली, म्हणून किटली ओरडते आणि हे ढिम्म, पण समोर बसलं की प्रत्येक शब्द कळतो. कारण ते ओठ वाचतात."

त्यांनी यंत्रं कानांत घातली. सगळे आत जाऊन बसले.

"श्रवणयंत्रासाठी मंजुरी मिळते," कोरिन म्हणाली. "अर्ज करायचा असतो."

"म्हणजे सांगायचं असतं," वेनराइट म्हणाले. "समोरचा काय बोलत नाही, ते ऐकायचं, यावर माझी सारी कारकीर्द उभी होती. बहिरा झालोय म्हणून अर्ज करू?"

"तर," लोरेन पुढे म्हणाली, "यंत्राशिवाय, अॅडमिरलच्या पाठीमागे, कुजबूज. यांनी ऐकणं शक्यच नव्हतं. टॉलिव्हरने पहिलं वाक्य ऐकलं आणि तो बिस्किटासकट पळाला, कोरिनने पाहिलंय. मग दुसरं वाक्य या खोलीत कुणी ऐकलं? कुणीच नाही. तरी ते छापून आलं. आणि ते शब्दन् शब्द बरोबर आहे, हे मला एकाच माणसाने सांगितलं. ज्याने ते उच्चारलं, त्याने."

अॅडमिरल प्रुइट हलले नाहीत. "बातमी मीच दिली. मी त्या समुद्रात जहाजं नेली आहेत," ते म्हणाले. "आपण जाणार नाही. गेलो, तर परतणार नाही. तैवानच्या लोकांना ते वेळेवर कळलं, तर चीनशी बसून बोलतील, असं वाटलं होतं मला. त्यांनी आणखी क्षेपणास्त्रं मागितली. आणि आपण आणखी जहाजं काढायला निघालो."

"आणि माझ्या वडिलांचं नाव पुढे केलंत," ज्युडिथ म्हणाली.

"मी खरं ते सांगितलं. तो पाठीमागे होता."

"हो," लोरेन म्हणाली. "फक्त खरं. तेवढं तुम्हाला पुरलं."

पिकेटला वाटलं, झालं. तो उठायला लागला. लोरेन बसूनच राहिली.

"कुजबूज जशी ऐकू आली नाही," ती वेनराइटांना म्हणाली, "तसाच अंधारात, पाठमोऱ्या बाईने वाचलेला प्रस्तावही."

वेनराइटांनी मान डोलावली. "अहवाल हातात आला तेव्हा कळलं, प्रस्ताव होता. मी घेतला असता. बीजिंगनेही घेतला असता." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तेव्हाच बोलायला हवं होतं. लाज वाटली. तोवर ओवेनच्या जहाजाला तयारीचा हुकूम निघाला."

"अहवाल मागे घ्या," ज्युडिथ कोरिनला म्हणाली.

कोरिनने नकारार्थी मान हलवली. "समोरच्याने ऐकलं नाही आणि आपण त्याला नकार समजलो," ती म्हणाली. "हे फक्त या खोलीतच होतं, असं वाटतं तुम्हाला? निष्कर्ष चुकलेला नाही, ज्युडिथ. अहवाल आता माझ्या हातातही नाही."

"मग मी उद्या साक्षीला जातो," वेनराइट म्हणाले.

*

समितीच्या दालनाबाहेर तसेच खण होते. अॅडमिरलचा कबुलीजबाब सकाळीच पोचला होता. पहारेकऱ्याने वेनराइटांना सलाम ठोकला. मग ट्रे पुढे केला.

"श्रवणयंत्रं आहेत," लोरेन म्हणाली. "हा माणूस त्याचीच साक्ष द्यायला आलाय!"

"मंजुरी आहे का, मॅडम?"

"अर्ज कालच केलाय."

"त्याला दोन आठवडे लागतात."

"मग अध्यक्षांना सांग, प्रश्न लिहून द्या."

पहारेकरी आत जाऊन आला. "साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. पण मोठ्याने बोलू म्हणाले."

वेनराइटांनी यंत्रं काढून डबीत ठेवली. या वेळी पाठ फिरवली नाही. डबी मुलीच्या हातात दिली आणि आत गेले.

ते लवकर बाहेर आले. फारच लवकर. ज्युडिथ त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"सांगितलंस सगळं?"

"सगळं. कुणी मधे बोललं नाही. मग अध्यक्षांनी काहीतरी विचारलं. ते तोंडासमोर हात धरून बोलतात."

"काय विचारलं?"

"माहीत नाही."

"मग?"

"माझ्या उत्तरासाठी थोडा वेळ थांबले," हॉलिस वेनराइट म्हणाले. "मग जहाजं पाठवायच्या बाजूने हात वर झाले. ते मात्र दिसले मला."

पिकेटला काहीतरी म्हणायचं होतं. पण आता म्हातारे त्याच्याकडे पाहत नव्हते.