पान न खाणाऱ्याची पिंक

झालं खोकून, अवनी? मग बसा सगळे. पायरी आधी नीट बघा हो, थुंकणाऱ्यांचं गाव हे! आमच्या दुर्गाघाटाच्या यज्ञेश्वरला तर थुंकीची एवढी किळस, की दारची पायरी तो रोज स्वतः घासायचा.

गेल्या देवदीपावलीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. यज्ञेश्वर पोरासाठी खोकल्याचं औषध आणायला निघाला. वेदांतचा खोकला कितीतरी दिवस हटत नव्हता. संध्याकाळी अंगात कसर, जेवण अर्ध्यावर, सदरा खांद्यावरून लोंबायला लागलेला. त्यात सकाळी मोरीत लाल पिंक दिसली आणि बापाचं डोकं फिरलं.

"चोरून पान खातोस? आणि मोरीत थुंकतोस?"

"बाबा, सच्ची, नाही खाल्लं," वेदांत म्हणाला. याने ऐकूनच घेतलं नाही.

बाटली घेऊन परतला, तर गल्लीतली लाईट गेलेली. त्याच्याच पायरीवर कोणीतरी उकिडवं बसून खाकरत होतं. ओलं, छातीच्या तळातून ओढून काढलेलं... थू! चिकट गोळा दगडावरून हळूहळू ओघळला. यज्ञेश्वर तरातरा पुढे आला.

"अरे ए! शरम नाही?" त्याने मोबाईलचा उजेड मारला.

माणसाने मान वर केली.

शेजारचा ढुंढिराज. होळीच्या आधीच गेलेला. यज्ञेश्वरने स्वतः खांदा दिला होता त्याला. तो खोकायचा तेव्हा सगळी गल्ली म्हणायची, पान खातो, दुसरं काय!

नुसती हाडं. हनुवटीवर लाल लाळ. तार लोंबणारी...

"पान... पान खाऊन..." यज्ञेश्वरच्या तोंडून एवढंच निघालं.

ढुंढिराजने आ केला. दात पांढरेशुभ्र.

"मी पान कधी खाल्लं, भाऊ?"

मग बोट वर. वेदांतच्या खिडकीकडे.

आत पोरगा खोकला...

उजेड हलला. पायरीवर कोणी नव्हतं.

सकाळ होताच यज्ञेश्वरने पोराला इस्पितळात नेलं. थुंकी तपासली. टीबी. वेळेत कळलं, महिनोन् महिने गोळ्या घेऊन पोरगा ठणठणीत झाला.

पिंक मात्र थांबली नाही. पुढे पाठशाळेच्या दारात दिसली, तिथलाही एक मुलगा आजारी निघाला.

आज सकाळी तुमच्या उंबऱ्यावर होती, अवनी. ताजी. मीच धुतली, हाताचा बुळबुळीतपणा अजून जात नाही.

काय झालं गं, अवनी?

"काका... आमच्या घरी तर पान कोणीच नाही खात."