कानफाट्याच्या तोंडातला गळ

सितवाला दारात गुडघ्यांवर बसला आणि हलके टाळ्या वाजवू लागला. मोठ्या माणसाला आम्ही असाच मान देतो, पण हा थांबेचना. शेवटी नालिशेबोबाईंनीच त्याचे हात धरले.

"पुरे रे बाबा. झालं काय ते बोल."

नालिशेबो मुकेलाबाई म्हणजे आमच्या नदीकाठच्या सेनांगा गावातल्या एकमेव खाजगी तपासनीस. चोरीला गेलेली गुरं आणि पळून गेलेले नवरे त्या सारख्याच शांतपणे शोधून देत. त्यांचा मावसभाऊ कुफेकिसा त्यांची गाडी चालवायचा. त्याची नजर घारीची होती, फक्त पाहिलेलं डोक्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागायचा.

सितवाला नदीवरच्या एका कॅम्पात वाटाड्या होता. पाहुण्यांना नावेतून न्यायचं, न्ग्वेशी मासा गळाला लावून द्यायचा, फोटो काढू द्यायचा आणि मासा जिवंत सोडायचा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला हवा, हा तिथला पहिला नियम. काटा असला की गळ काढताना माशाचा जबडा फाटतो.

काल दुपारी पाहुण्याच्या गळाला कानफाट्या लागला होता. कल्ल्याशी फाटलेला हा थोराड न्ग्वेशी सगळ्या नदीच्या ओळखीचा. त्याला सोडलं आणि आज सकाळी तो मरून काठाला लागला. तोंडात गळ, आणि गळाला उलटा काटा.

"माझा गळ मी स्वतः काढला होता, मा," सितवाला म्हणाला. "मग हा आला कुठून? माझंच डोकं फिरलंय का?"

आज दुपारी इंडुना, म्हणजे आमच्या भागाचे मुखिया, येणार होते. ते सगळ्यांसमोर त्याचं वल्हं काढून घेणार होते. ज्याचं वल्हं गेलं त्याला नदीवर पुन्हा कोणी उभं करत नाही, आणि सितवालाच्या घरात आजोबांपासून दुसरा धंदा कोणी केला नव्हता.

कॅम्पात कानफाट्या बर्फाच्या पेटीत पडला होता. नालिशेबोबाईंनी त्याला आधी कुशीवर वळवलं. एका अंगाची खवलं खरवडलेली होती, त्यात वाळलेली रेती चिकटलेली. मग त्यांनी सुरीसारख्या दातांमधून गळ बाहेर ओढला. गळाला वीतभर हिरवा तंगूस, नायलॉनचा साधा दोरा, होता, अगदी अखंड.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं की," कुफेकिसा म्हणाला. "हिरवा आहे."

सितवालाची पेटी तपासली. सगळे गळ सपाट, आणि प्रत्येकाच्या मागे पोलादी तार. पाहुण्याच्या पेटीतही तारच. कुफेकिसाचा गोंधळ आणखी वाढला. उलट्या काट्याचा गळ कॅम्पात कुठेच नाही म्हणजे वाटाड्याने उरलेले नदीत फेकले असणार, असं त्याला वाटलं, आणि वाईटही वाटलं.

स्वयंपाकघरात मुंडियाबाई बुहोबे, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत होत्या. त्या काल काठावरच भांडी घासत होत्या. माणसांकडे पाठ होती, पण सितवालाचा आवाज त्यांनी ओळखला होता. तो दोनदा म्हणाला, 'राहू दे आता, राहू दे.' म्हणजे मासा सोडायचा नाही, इथेच राहू दे. रात्री कालवणाला हवा असेल, दुसरं काय, असं म्हणून त्या पुन्हा घोटायला लागल्या.

हे ऐकून सितवालाने मान खाली घातली. कुफेकिसाला आता खात्रीच पटली.

पाहुणे फान वाइक दक्षिणेकडचे, मोठ्या मासेमार मंडळाचे सभासद. फोटो एकदम झटपट काढले, त्यांनी ठासून सांगितलं आणि कॅमेरा पुढे केला. पहिल्या फोटोत ते नावेत होते, खाकी सदरा चिंब, केस विस्कटलेले. शेवटच्या फोटोत काठावर, अंगात कॅम्पाचा हिरवा सदरा, कोरडा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. केसही विंचरलेले.

"छान आलाय," नालिशेबोबाई म्हणाल्या.

कॅम्पाचे मालक म्वांसा हे राजधानीचे, लुसाकाचे. त्यांनी ओसरीवर अगत्याने बसवलं आणि सकाळी स्वतः पकडलेल्या तिलापियाची बशी पुढे केली. काल दुपारभर ते कचेरीत होते, मासा त्यांनी पाहिला तो आज मेलेलाच. सितवाला चांगला पोरगा, पण नियम म्हणजे नियम. त्यांची गळाची काठी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हिरव्या तंगुसाच्या टोकाला थेट गळ बांधलेला होता.

पाहुण्यांना द्यायचे सदरे कुठे असतात, एवढंच बाईंनी विचारलं.

"माझ्या कपाटात, कुलपात. नाहीतर हे लोक घरी नेतात."

इंडुना आले. सितवालाने वल्हं त्यांच्या पायाशी ठेवलं.

"न्दाते, ते उचलण्याआधी माझं ऐका," नालिशेबोबाई म्हणाल्या. "न्ग्वेशीच्या दातांपुढे तंगूस टिकतो का?"

"क्षणभरही नाही. म्हणून तर तार लावतात."

"मग या माशाच्या तोंडात अखंड तंगूस कसा? मासा मेल्यावर गळ कोणीतरी अडकवला. सितवालाने किंवा पाहुण्यांनी अडकवला असता तर सवयीने तार लावली असती. तारेची आठवण न होणारा माणूस इथे एकच, फक्त बारीक दातांचा तिलापिया पकडणारा."

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या.

मग त्यांनी सदऱ्याचं सांगितलं. कुलपातला सदरा मालकांशिवाय काठावर येणार कसा? म्हणजे म्वांसा काल तिथेच होते. त्यांना जाहिरातीसाठी फोटो हवा होता. पाहुण्यांनी सदरा बदलला, केस विंचरले, आणि तोवर कानफाट्या तापलेल्या रेतीत तडफडत होता. सोडला तेव्हा तो पोहत गेला खरा, पण मरायलाच. सकाळी मेलेला पाहून म्वांसा घाबरले. पाहुणे मंडळात आपल्याच कॅम्पाला दोष देतील. त्यापेक्षा वाटाड्याचा दोष बरा.

"पण ताई, ते 'राहू दे'?" कुफेकिसाने विचारलं.

"अरे, माशाला नाही म्हणाला तो. मालकांना म्हणाला. राहू दे तुमचे फोटो, पुरे झालं."

मुंडियाबाईंनी तोंडावर हात ठेवला. फान वाइक लाल होऊन आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"मग बोलला का नाहीस?" इंडुनांनी सितवालाला विचारलं.

"ज्यांचं खातो त्यांच्याबद्दल कसं बोलणार, न्दाते? आणि बोललो होतो की. हळू बोललो."

इंडुनांनी वल्हं उचलून त्याच्या हातात दिलं. कॅम्पाचं काय करायचं ते नंतर बघू, म्वांसांनी आधी माझ्या अंगणात जाब द्यायला यावं, असं ते म्हणाले. सितवालाला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फान वाइकांच्या गळाला तरणा न्ग्वेशी लागला. त्यांनी तो सवयीने उचलून धरला आणि कॅमेरा चाचपू लागले.

"राहू दे!" सितवाला ओरडला. काठावर मुंडियाबाईंनी भांडं खाली ठेवलं.

फान वाइकांनी मासा पाण्यात सोडला.