वाचनकोपऱ्यातली हिरवी साडी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आंब्याचे सात रिकामे खोके घेऊन अनुपमा उभी होती आणि कंडक्टर काही केल्या तिला गाडीत घेईना. "ही माणसांची गाडी हाय," एवढं बोलून त्याने घंटी मारली. ती भुरभुर पावसात तशीच उभी राहिली. वरच्या वाडीच्या शाळेत ती जूनमध्येच रुजू झाली होती. नऊ मुलं, दोन खोल्या... आणि पुस्तकं? ती कपाटात कुलूपबंद, फाटू नयेत म्हणून! मुलांना बसून वाचायला एक छानसा कोपरा करायचा, असं तिने ठरवलं होतं. अनुदानाची वाट बघत बसलं तर पोरांना मिसरूड फुटायचं.

शेजारी एक टेंपो थांबला.

"वरच्या वाडीच्या नव्या बाई ना? टाका खोके मागं."

"भाडं किती घ्याल?"

"खोक्यांचं नाय घेत. तुमचं बघू."

ती हसली. तो मात्र हसला नाही. टेंपोवाल्या मंगेशला हसताना वाडीत तीन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, पण हे तिला कुठून ठाऊक असणार?

मग तो येतच राहिला. खोके घासून त्याने गुळगुळीत केले, आडवे ठोकून भिंतीला मांडणी केली. तिने गोष्टींना लाल, कवितांना पिवळी, माहितीच्या पुस्तकांना निळी चिकटपट्टी लावली. दोघांचे हात एकाच पुस्तकावर पडायचे... आणि दोघंही ते सोडून द्यायचे. खाली पडलेलं पुस्तक उचलायला पुन्हा दोघंच!

"चुकीच्या खोक्यात लावताय तुम्ही," ती म्हणायची.

"मुद्दाम. परत लावायला यायला लागंल ना."

बसायला गोधडी हवी होती. घरटी एक जुनी साडी द्या, असा निरोप तिने मुलांबरोबर धाडला. मंगेशने हिरवी, घडीही न मोडलेली साडी आणून दिली.

"अहो, ही कोरी आहे. घरात विचारलंत का?"

"घरात विचारायला कोन नाय," तो म्हणाला. "घ्या. माझ्याकडं हीच हाय."

अनुपमाने पुढे विचारायला हवं होतं. पण घरात कुणी नाही, एवढंच तिने ऐकलं आणि वेडी मनातल्या मनात सुखावली. पोलादपूरला तिच्या खोलीशेजारच्या बाईंकडून तिने गोधडी शिवून घेतली, हिरवी साडी न कापता मधोमध लावून.

ती अंथरली तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या राहीबाईंचा हात तोंडावर गेला. "बाई, ही अपेक्षाच्या साखरपुड्याची साडी हाय. मंगेशनं घेतलेली. लग्नात नेसीन म्हनून तिनं घडीबी मोडली नव्हती."

तीन वर्षांपूर्वी, साखरपुड्यानंतर आठव्या दिवशी दरड कोसळली होती. खालची आळी गेली. अपेक्षा सापडलीच नाही. सापडली असती तर ही साडी अंगावर घालूनच तिला निरोप दिला असता. घालायला देहच नव्हता, म्हणून तिच्या आईने साडी मंगेशकडे परत धाडली. ती कुणी नेसेना, कुणाला टाकवेना.

"आमची पोरं हिच्यावर नाय बसायची," राहीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. वाडीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या मातीखाली होतं.

दुसऱ्या दिवसापासून कोपरा ओस पडला. मुलं दारातूनच पुस्तकांकडे बघायची. अनुपमा हिरव्या साडीवर एकटीच बसून मोठ्याने गोष्टी वाचायची. हट्टच तो! चौथ्या दिवशी दोन मुलं शाळेतच आली नाहीत.

शाळा सुटल्यावर मंगेश कात्री घेऊन आला. "उसवतो."

"नाही. मी बसतेय ना रोज? मला काही झालं?"

"नि झालं तर?" तो म्हणाला. "मला... परत नाय सोसायचं ते, बाई."

अनुपमाचे डोळे भरून आले. कोपरा मुलांसाठी होता, तिच्या हट्टासाठी नव्हता. ती मुकाट्याने गोधडीचं टोक धरून बसली आणि तो एकेक टाका कापत गेला. तो रडत होता आणि लपवत नव्हता. मधली जागा उघडी पडली. तिथे आपली ओढणी लावायची, असं तिने ठरवलं.

मंगेशने साडीची घडी घातली. "सावित्री नदीत सोडून येतो."

"मला द्या."

"अपशकुनी म्हणतात हिला. नि मला पन."

"म्हणू देत. मी माझ्या घरी अंथरेन."

"तिथं बसंल कोन हिच्यावर?"

"मी बसेन," अनुपमा म्हणाली. तिने नजर वळवली नाही. "आणि तुमची इच्छा असेल... तर तुम्ही."

मंगेशने साडी तिच्या हातात ठेवली.

"तिला सांगून येतो," तो म्हणाला, आणि दरड कोसळली होती त्या बाजूला चालत गेला.