तिसऱ्या रांगेतली जागा

मंदाकिनी इंगवले कराडहून पुण्याला निघाली, तेव्हा सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला. पुण्यात कुणाकडे जायचं तर घरून चहा पिऊन जा. तिचा धाकटा भाऊ हिंदुराव तर ट्रंक एसटीच्या टपावर चढवता चढवता म्हणाला, "आक्का, कोरडी माणसं हायत ती. घोटभर पाणी इचारायची न्हाईत." मंदाकिनी हसली. ती भूगोल शिकवायची, आणि ऐकीव हवामानावर तिचा विश्वास नव्हता. गावची हवा सांगायची तर तिथं राहून सगळे ऋतू अंगावर घ्यावेत आणि मगच तोंड उघडावं, असं तिचं मत होतं.

चौसष्ट सालचा जून होता. पुण्यातल्या एका कॉलेजात तिला लेक्चररची जागा मिळाली होती. वर्षभरानं कायम करू म्हणाले होते, आणि कायम झाली की शकूला आणायचं ठरलं होतं. शकू तिची आठ वर्षांची मुलगी. पोर पाळण्यात होती तेव्हाच तिचे वडील गेले. कराडात कुणीही बाई तिला रस्त्यात थांबवायची, हनुवटी धरायची, 'बिचारीला बापाचं तोंडसुद्धा आठवत नाही' म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची. हल्ली शकू घराबाहेर पडायलाच नको म्हणे. मंदाकिनीला असं गाव हवं होतं, जिथं त्या मुलीला कुणी काही विचारणार नाही. पुण्याची हवा जोखायची ती एवढ्यासाठीच.

शनिवार पेठेत मुक्ताबाईंच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या. मुक्ताबाई साठीच्या, ताठ कण्याच्या. दुपारी एक ते चार जिना वाजवायचा नाही, एवढं सांगून त्यांनी किल्ली हातावर ठेवली. यजमान कुठं असतात, मुलंबाळं किती, कपाळ असं का, यांपैकी काही नाही. मंदाकिनी उत्तरं घोकून आली होती, ती तशीच राहिली. त्या रात्री कित्येक वर्षांनी तिला गाढ झोप लागली.

मग ती एकेक गोष्ट पाहत गेली आणि तिला हे गाव आवडतच गेलं. भाजीवाली 'कालची संपली का आधी?' असं विचारून मगच मेथी द्यायची, पण कधी किडकी जुडी दिली नाही. कॉलेजचा शिपाई वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून होईपर्यंत घंटा देत नसे, आणि प्राचार्य तोवर थांबत. भाद्रपदात तिला ताप आला, तेव्हा दाराबाहेर मऊ भाताचं झाकलेलं पातेलं होतं. तीन दिवस रोज होतं. बरी झाल्यावर ती आभार मानायला खाली गेली, तर मुक्ताबाई म्हणाल्या, "पातेलं घासून आणलंत ना?" आणि दार लावून घेतलं. मंदाकिनी जिन्यात उभी राहून एकटीच हसली. माया करायची आणि तिची वाच्यता करायची नाही, ही रीत तिला कुठल्याही हनुवटी धरण्यापेक्षा मोठी वाटली.

पण गोष्ट सुरू झाली ती त्याआधी, श्रावणात.

पेठेतल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यान असे. कधी पेशवाईतली नाणी, कधी ग्रहणं, कधी ज्वारीवरची कीड. विषय कुठलाही असो, सभागृह भरलेलं. मंदाकिनी पहिल्यांदा गेली तेव्हा पोचायला उशीर झाला. खुर्च्यांवर लोकांनी आपापल्या जागा राखून ठेवल्या होत्या. रुमाल, छत्री, चष्म्याचं घर. एकानं तर कागदात गुंडाळलेली काकडी ठेवली होती. वस्तू ज्याची त्याची जागा. मालक येवो न येवो, तिला कुणी बोट लावत नाही. पुण्यातली ही शिस्त तिनं ऐकलेली होती. तिसऱ्या रांगेत मधोमध एका खुर्चीवर मात्र काहीच नव्हतं. भिंतीला टेकून माणसं उभी होती, तरी ती खुर्ची रिकामी होती. नव्या माणसाला वाटेल तेच तिला वाटलं. ती जाऊन बसली.

रांगेतल्या लोकांनी गुडघे आत घेऊन वाट दिली. शेजारी काळ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "उशीर केलात."

"चुकलंच," मंदाकिनी म्हणाली.

पुढे तिला पुष्कळदा वाटलं की त्या वेळी दुसरंच काहीतरी बोलायला हवं होतं. मी इथं नवीन आहे, असं काहीतरी.

गृहस्थांचं नाव यज्ञेश्वर मास्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्या दिवसानंतर तिसरी रांग तिची झाली. दर शनिवारी ती खुर्ची तिच्यासाठी मोकळी असे आणि तिला त्यावर रुमाल टाकावा लागत नसे. पलीकडच्या बाई तिला बडीशेप देत. कुणीतरी तिला 'प्रेमलाबाई' म्हणे. पहिल्यांदा तिनं दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण वक्ते उभे राहिले होते. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "माझं नाव मंदाकिनी." पलीकडच्या बाई "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा 'प्रेमलाबाई' म्हणाल्या. तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला. कोरडं म्हणून गाजलेलं गाव आपण होऊन जवळ घेत होतं, तर नाव चुकल्यानं अंगाला काय भोकं पडणार होती!

दिवाळीआधी ती चौकातून येत होती. चष्म्याच्या दुकानातल्या मैनुद्दीनभाईंनी तिला हाक मारली. तीन पिढ्या त्यांचं दुकान तिथंच होतं, आणि त्यांचं मराठी मंदाकिनीपेक्षा शुद्ध होतं.

"बाई, आपला चष्मा केव्हाचा तयार आहे. न्यायचा नसेल तर तसं सांगा, धूळ तरी झटकायला नको."

ती म्हणाली, मला चष्मा नाही. मैनुद्दीनभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी घर उघडून काळ्या काड्यांचा चष्मा तिच्यापुढे धरला. गंमत म्हणून तिनं तो लावला. काड्या कानामागे बसल्या त्या अगदी जागच्या जागी. समोरच्या रस्त्यावर पाटी होती आणि त्या पाटीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. एवढे दिवस आपल्याला कमी दिसत होतं, याचं तिला नवल वाटलं. चष्मा घेऊन ती घरी आली.

दिवाळीला ती कराडला गेली. शकू धावत येऊन कमरेला बिलगली, मग जरा मागं सरली.

"आई, तुझा वास वेगळा येतोय."

"पुण्याच्या पाण्याचा येत असेल," मंदाकिनी म्हणाली. सगळे हसले. शकू हसली नाही. रात्री ती आईच्या कुशीत न झोपता आजीच्या अंथरुणावर गेली. आता लवकरच हिला घेऊन जायचं, असं मंदाकिनीनं मनाशी पक्कं केलं. तरीही ती ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परत फिरली, कारण मध्ये शनिवार येत होता.

थंडीत एकदा ती कॉलेजातून येत असताना कुणीतरी परगावच्या माणसानं पत्ता विचारला. ती थांबून सांगू लागली. इथून सरळ जा, हौदाच्या पुढे डावीकडे वळा. माणूस जाऊन परत आला. तिकडे हौद नाही म्हणाला. तिथं सायकलच्या दुकानाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्या गेनबानं मान वर केली.

"हौद बुजवून लई वर्षं झाली, बाई. कात्रजच्या तळ्याचं पाणी यायचं त्याला. तुम्ही कुठून बघितलात?"

"गोड होतं पाणी," मंदाकिनी म्हणाली.

हे आपणच बोललो, हे तिला घराच्या जिन्यापाशी आल्यावर ध्यानात आलं. ती कठडा धरून उभी राहिली. जिभेवर पाण्याची चव होती. गार, किंचित शेवाळी, आणि खरोखरच गोड.

ती काही भाबडी बाई नव्हती. तिनं सरळ शोध घ्यायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी ती मुद्दाम लवकर गेली. सभागृहात यज्ञेश्वर मास्तर एकटेच येऊन बसले होते.

"मास्तर, माझ्याआधी या खुर्चीवर कोण बसायचं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मान पूर्ण वळवली होती. चेहरा प्रेमळ होता.

"तुम्ही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही तुम्हीच. मधे बरेच दिवस आला नव्हतात, एवढंच. आम्ही काही विचारलं नाही." मग ते पुढं पाहू लागले. "विचारायचंही नसतं. माणूस परत आलं, झालं."

तिनं विचारलं, मी कुठं गेले होते? पण तोवर माणसं येऊ लागली होती. गुडघे आत घेतले जात होते, रुमाल उचलले जात होते, आणि पलीकडच्या बाईंनी तिच्या हातावर बडीशेप ठेवली. त्या संध्याकाळी व्याख्यान फार सुंदर झालं. घरी जाताना तिच्या मनात भीती नव्हती, हे तिचं तिलाच कळलं. उलट, आपली वाट पाहणारी एवढी माणसं आहेत, या विचारानं तिला भरून आलं.

एप्रिलमध्ये ती कायम झाली. तिनं हिंदुरावाला कळवलं, शकूला घेऊन ये. पुण्यासारखं गाव नाही, असंही लिहिलं, आणि ते तिच्या मनापासूनच होतं. मुलीसाठी तिनं छोटी खाट आणली, खिडकीपाशी लावली, गादीवर फुलाफुलांची चादर घातली. पुढच्या आठवड्यात त्या खाटेवर वाचायची पुस्तकं येऊन पडली. त्यानंतरच्या आठवड्यात तिला ती खाट आखूड वाटू लागली. कशाला आणली होती, कोण जाणे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ती जिना उतरली. मुक्ताबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली.

चौकात मैनुद्दीनभाईंनी मान हलवली. स्वारगेटच्या स्टँडवर यज्ञेश्वर मास्तर सासवडच्या गाडीसाठी थांबले होते, तेही थोडे सरकले आणि तिला सावलीत जागा दिली. कुणाला घ्यायला आलात, एवढं एकानं जरी विचारलं असतं, तर तिला बोलावं लागलं असतं. आणि बोलता बोलता कदाचित आठवलं असतं. पण पुण्यात कुणी विचारत नाही. ह्याच गुणावर तर तिचा जीव जडला होता.

ती उभी राहिली. कुणीतरी यायचं होतं, एवढं पक्कं होतं. दिसलं की कळेल, असं तिला वाटलं. सहाला व्याख्यान होतं, तोवर वेळ होता.

मास्तरांची गाडी आली. ते गेले.

कात्रजचा घाट उतरून आलेली, धुळीनं माखलेली एक गाडी फलाटाला लागली. माणसं उतरली. फेटा बांधलेला एक दांडगा माणूस टपावरून ट्रंक काढू लागला. त्याच्या मागून एक मुलगी उतरली. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, लाल फिती. मुलगी गोड होती. प्रवासानं दमलेली दिसत होती.

मुलगी गर्दीत कुणाला तरी शोधत होती. तिची नजर फिरत फिरत सावलीपाशी आली आणि थांबली. चेहरा एकदम उमलला.

"आई," म्हणत ती धावत सुटली.

बाईंनी मागं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती.

कुणाची असेल, असं मनात आलं. पण परक्याच्या मुलीला असं विचारू नये. त्यांनी पदर आवरून घेतला आणि मुलीला जायला वाट मिळावी म्हणून बाजूला झाल्या.