नळीचं दुसरं टोक

हिवतापाच्या फवारणीवर ज्याने दोन हंगाम काढले, त्याला तालुक्यातलं कुठलंच घर परकं राहत नाही. पाहुणा ओसरीवर टेकतो, सोयरा फार तर मधल्या घरापर्यंत येतो. फवारणीवाला मात्र थेट देव्हाऱ्यामागच्या भिंतीपर्यंत जातो. डेव्हिड साळवेचं १९७१ सालच्या उन्हाळ्यात हेच काम होतं. जामखेड तालुक्यातली किती घरं त्याने आतून पाहिली, त्याची गणती नव्हती.

माळवदाची घरं त्याला आवडत. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचंच छत, आणि उजेडासाठी छताला ठेवलेलं एकच गोल भोक, त्याला साणं म्हणत. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत शिरलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटे. पत्र्याच्या घरांत उलटं. तिथे दुपारी कुणी टिकतच नसे, बाया लिंबाखाली बसून दाणे निवडत आणि म्हातारे दारात पाय पसरून डुलक्या घेत. एका नव्या नवरीने भिंतीवर नीळ घालून मोर काढला होता. औषधाचा पांढरा थर मोरावर बसू नये म्हणून ती दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डेव्हिडने तेवढी भिंत सोडून दिली. धनगरांच्या पालांना भिंतीच नव्हत्या. तिथे तो पाणी पिऊन पुढे जाई.

त्याचा जोडीदार कानिफनाथ. जामखेडचाच, अंगाने दांडगा, बोलायला कमी. तो बाहेर बादलीपाशी उभा राहून पंप मारी आणि पंपाची रबरी नळी ओढत डेव्हिड आत शिरे. नळी तीस फुटांची. आतून डेव्हिड ओरडला, ‘बस,’ की हा थांबे. दोन हंगामांत दोघांचं एवढं जमलं होतं की नळीच्या धक्क्यावरून डेव्हिडला कळे, कानिफनाथाने हात बदलला.

तो शनिवार होता. आदल्या दिवशी नगरहून डेव्हिडच्या सासूचं पत्र आलं होतं: दयाचे दिवस भरत आले आहेत, शनिवारी संध्याकाळपर्यंत या. बायकोचं पहिलंच बाळंतपण. चारची एस.टी. गाठायची म्हणून दोघांनी सकाळी लवकर बरडवस्ती धरली. बाजारचा दिवस असल्याने वस्ती ओस पडली होती. घरांच्या चाव्या आणि निरोप मागे ठेवून माणसं गेली होती. बारा वाजता शेवटचं घर राहिलं. ओढ्याच्या अलीकडे, एकटंच, माळवदाचं. दार उघडं होतं.

दारात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला, हाताला कोपरापर्यंत पीठ. डेव्हिडने नेहमीसारखं सांगितलं की भांडीकुंडी बाहेर काढा, खाण्याचं झाका, लेकरं बाहेर न्या. बाई म्हणाली, सगळं झालंय. तिने अंग चोरून वाट दिली. कानिफनाथाने पंपावर पाय दिला, नळी थरथरली, आणि डेव्हिड वाकून आत गेला.

पहिल्या खोलीत उतरंड होती, जातं होतं, जात्याभोवती सांडलेलं बाजरीचं पीठ होतं. काहीच बाहेर काढलेलं नव्हतं. त्याला राग आला, पण घाई होती. त्याने वरून खाली, वरून खाली, पट्टे मारत चारी भिंती ओल्या केल्या. औषधाचा तो ओळखीचा खवट वास भरला.

“आतली राहिली,” बाई मागून म्हणाली.

दुसऱ्या खोलीत दाव्याला बांधलेली झोळी होती. झोळी हलत होती. कुणीतरी नुकताच हेलकावा देऊन उठून गेल्यासारखी. डेव्हिडने वाकून पाहिलं. आत घडी घातलेलं दुपटं, बाकी काही नाही. त्याने फवारलं. बाई पुन्हा म्हणाली, आत अजून आहे. तिसऱ्या खोलीत बाज होती, बाजेवर गोधडी, खुंटीला पुरुषाची टोपी आणि धुतलेली पैरण. पैरणीतून पाणी ठिबकत होतं. चौथ्या खोलीचं दार इतकं बुटकं की त्याला गुडघ्यांवर हात ठेवून जावं लागलं. तिथे चूल पेटलेली होती. तव्यावर भाकरी फुगत होती. चुलीपुढे पाट मांडला होता, पाटापुढे ताट, तांब्याभर पाणी.

बाहेरून घर एवढं होतं? हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो चौथ्या खोलीची भिंत फवारत होता. दोन खणांचं घर दिसलं होतं. चार खोल्या आत कुठून... आणि नळी? तीस फूट नळी तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यालाच ताणली जायला हवी होती. त्याने हाताने ओढून पाहिली. सैल आली. आणखी ओढली. आणखी आली.

तो वळला. ज्या दारातून वाकून आला होता, तिथे भिंत होती.

नवी नाही. शेणामातीने सारवलेली, धुराने काळवंडलेली, वर्षानुवर्षांची भिंत. तिच्या पायथ्याशी नळी बाहेर आलेली होती. भोवती मुंगी शिरेल एवढीही फट नव्हती. नळीला मात्र धक्के बसत होते, एकसारखे. भिंतीपलीकडे कानिफनाथ पंप मारत होता.

डेव्हिडने हाका मारल्या. भिंतीवर मुठी आपटल्या. माती ओली असल्यासारखा आवाज आतल्या आत जिरला. मग त्याने फवाऱ्याची नळकांडी उलटी धरून भिंत टोकरायला घेतली. थोडी माती पडली, त्याखाली तशीच सारवलेली भिंत निघाली. पुन्हा टोकरली. पुन्हा सारवलेली. कुणीतरी दरवर्षी, दरवर्षी, हात फिरवलेले दिसत होते, बोटांच्या कमानी.

“पाय धुवा,” बाई म्हणाली. ती चुलीपाशी बसली होती. केव्हा आली ते त्याला कळलं नव्हतं. “भाकर निवती.”

तो शक्य तितक्या शांतपणे बोलला. म्हणाला, बाई, मला बाहेर जाऊ द्या, माझी बायको घरी अवघडलेली आहे, मला गाडी धरायची आहे.

“हितंबी घरच हाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रोज जेवायला उशिरा येणाऱ्या नवऱ्याशी बोलावं तसा थकलेला, सवयीचा आवाज होता. “घरात कुनीतरी मानूस पायजे.”

मग तिने तोंड वळवून अजून आत, जिकडे डेव्हिडला दारही दिसलं नव्हतं तिकडे, सांगितलं, “आलेत गं.” आणि आतून कुणीतरी बांगड्या मागे सारल्या.

डेव्हिड भिंतीला टेकून खाली बसला. त्याने प्रार्थना सुरू केली. आईने तोंडी करून घेतलेली, बोलता येऊ लागल्यापासून रोज म्हटलेली. पहिल्या दोन शब्दांपुढे त्याला काही आठवेना. साण्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडला होता. त्याने त्या गोलाच्या कडेवर बोटाने रेघ ओढली. खूप वेळ गेला. भाकरी होत राहिल्या, एकावर एक. थापण्याचा आवाज, उलटण्याचा, पुन्हा थापण्याचा. ऊन रेघेवरच होतं. त्याला भूक लागली होती, आणि त्या भुकेचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. भाकरीचा वास त्याच्या आईच्या चुलीचा होता. पाटावर जाऊन बसावं, असं दोनदा मनात आलं. दुसऱ्यांदा तर तो अर्धा उठला होता.

तेवढ्यात नळीचे धक्के थांबले.

त्याने नळी छातीशी घट्ट धरली. काही नाही. मग फवाऱ्याच्या तोटीतून, अगदी बारीक, विहिरीच्या तळातून यावा तसा कानिफनाथाचा आवाज आला.

“डेविड... झालं का? बादली संपली... येऊ का आत?”

डेव्हिडने तोटी तोंडाशी नेली. येऊ नको, दार सोडून लांब हो, माणसं बोलाव. हे शब्द त्याच्या जिभेवर होते. पुढे आयुष्यभर त्याने स्वतःला हेच सांगितलं की शब्द जिभेवर होते.

बाई भाकरी थापायची थांबली. “दोघांतला एक पुरे,” ती हळूच म्हणाली.

त्याला दया दिसली. सासूच्या घरी, दाराकडे तोंड करून निजलेली.

“ये,” डेव्हिड म्हणाला.

आणि तो ओसरीवर उन्हात उभा होता. ऊन डोळ्यांत सुयांसारखं शिरलं. हातात फवारा, पायाशी नळीचं वेटोळं, अंगणात पंप आणि रिकामी बादली. कानिफनाथाच्या चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या. फवारणीवाले कुणाच्या घरात चपला काढत नसत.

दार चार हातांवर उघडं होतं. आत नुसता अंधार. डेव्हिडने हाक मारली नाही. दोन पावलं पुढे टाकली असती तर आत दिसलं असतं, पण त्याने ती टाकली नाहीत. किती वेळ तो तसा उभा होता, ठाऊक नाही. पळूनही गेला नाही. नुसता उभा राहिला.

मग कानिफनाथ वाकून बाहेर आला. धडधाकट, नेहमीसारखा. धोतराच्या सोग्याला हात पुसत होता आणि तोंडात शेवटचा घास होता.

डेव्हिडने विचारलं, आत काय पाहिलंस. कानिफनाथाने चपला घातल्या, घास गिळला.

“भाकर ग्वाड हुती,” एवढंच म्हणाला, आणि बादली उचलून चालू लागला.

चारची एस.टी. डेव्हिडला मिळाली. पहाटे दयाला मुलगी झाली. त्याने तिला हातात घेतलं आणि सरळ घराबाहेर नेलं; सासूने तिला परत आत आणलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

तो पुन्हा फवारणीवर गेला नाही. नगरमध्ये एका छापखान्यात त्याला कागद मोजण्या-बांधण्याचं काम मिळालं. जूनमध्ये हिवतापाचे निरीक्षक आबासाहेब रस्त्यात भेटले आणि सायकल थांबवून रागावले. बरडवस्तीतल्या शेवटच्या घराच्या चार खोल्या कानिफनाथाने कागदावर लिहिल्या होत्या. आबासाहेब स्वतः तपासायला गेले. दार बंद, कुलूप गंजलेलं. घरची माणसं दोन वर्षांपासून ऊसतोडीला गेलेली. फटीतून पाहिलं तर आत एकच खोली. अशा खोट्या नोंदी करणार असाल तर, असं बरंच बोलले. डेव्हिडने चूक झाली म्हणून टाकलं.

पावसाळ्यात कानिफनाथाच्या बायकोचा, मालनबाईचा निरोप आला. हे घरी जेवत नाहीत, तुम्ही येऊन समजूत घाला. दुपारी बाराला हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि उठतात ते हात पुसत. डेव्हिडने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, येतो. गेला नाही. पुन्हा निरोप आला, पुन्हा तेच. दिवाळीनंतर मात्र निरोप यायचे बंद झाले, आणि ते त्याला निरोपांपेक्षा जड झालं. डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळची उपासना बुडवून, तो पहिल्या गाडीने जामखेडला गेला.

कानिफनाथाचं घर ओढ्याच्या कडेला होतं. पत्र्याचं, दहा बाय दहाचं. डेव्हिड मागच्या अंगाने आला. मागची भिंत सरळ ओढ्याच्या दरडीवर उभी होती, तिच्यामागे बकरी उभी राहील एवढीही जागा नव्हती. ती भिंत त्याने नीट पाहून घेतली. मग पुढे येऊन कडी वाजवली.

मालनबाईने दार अर्धं उघडलं. त्याला ती वाळलेली, रडवेली भेटेल असं वाटलं होतं. ती अंगाने भरली होती, चेहरा तुकतुकीत होता. डेव्हिडने चौकशी केली.

“आता जेवत्यात की,” ती म्हणाली. “काळजी न्हाई. आमी आतल्या खोलीत ऱ्हातो आता. लई गारवा हाय आत.”

तिच्या खांद्यावरून डेव्हिडला खोली दिसत होती. रिकामी. चूल थंड, भांड्यांवर धूळ. पत्रा तापून तडतडत होता. आणि मागून कुठून तरी, ओढ्यापलीकडून यावा इतका लांबून, कानिफनाथाचा खोकला ऐकू आला.

डेव्हिड पायरी उतरला. गाडीची वेळ झाली, असं काहीतरी बोलला.

“बसा की, भाऊ,” मालनबाई म्हणाली. “दया वैनी बऱ्या. कालच्याला किती येळ बसल्या. पोरगी तर आतच निजली हुती.”

दया नगरच्या बाहेर गेली नव्हती. आदल्या दिवशी ती घरीच होती, पोरीला सर्दी झाली म्हणून दोघांनी मिळून तिला शेक दिला होता. तो स्टँडपर्यंत पळत गेला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. दया स्टोव्हवर भात टाकत होती. पोरगी सतरंजीवर पाय झाडत खेळत होती. डेव्हिड दारातच बसला. दयाने पाणी दिलं. मग जरा नाराजीने म्हणाली, एक विचारू का, रागावू नका.

“पोरीच्या पायात तो काळा दोरा कशाला बांधलात? आपल्यात चालतं का ते? पाळकसाहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील?”

डेव्हिडने पोरीचा पाय हातात घेतला. घोट्याभोवती काळा दोरा होता. गाठीवर सुकलेलं बाजरीचं पीठ होतं.

“काल शेक दिला तेव्हा नव्हता,” दया म्हणाली. “तुम्ही गेल्यावर दुपारी बघते तर हा. आणि उठल्यापासून दूध घेत नाही हो. भूकच नाही जणू पोरीला.”