छकुलीचं पान

अप्पांना चांदी दाखवायचा अवकाश, गुडघे दुखायचे थांबतात! पन्नास वर्षं चांदीवर नक्षी कोरलेला माणूस तो. परदेशात लेकीकडे आल्यापासून नुसता सोफ्यावर बसून पार कंटाळला होता. म्हणून रविवारी सकाळी छकुली त्यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन आली. छकुली चाळिशीची, एकटीच राहणारी, पण अप्पांच्या तोंडी नाव अजून तेच.

"तुम्ही बघा, मी गाडी नीट लावून येते. आणि घासाघीस करू नका हं, भाषा येत नाही तुम्हाला."

"चांदीला कसली आलीय भाषा!" अप्पा म्हणाले.

मैदानभर टेबलं मांडलेली होती. अप्पा चमचे उचलत, नखाने वाजवत, "हा नुसता मुलामा", "वा, याचा हात बघा" असं स्वतःशीच पुटपुटत पुढे सरकत होते. शेवटच्या टेबलावर तळहाताएवढी एक डबी होती. झाकणावर वेल.

अप्पांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली.

वेल त्यांचीच होती. तिसऱ्या फुलापाशी छिन्नी जराशी घसरलेली. गेल्या वर्षी ऐन कामात शिंक आली होती, तेव्हाची ती चूक. पण ती डबी तर नवीकोरी, घरी त्यांच्या बॅगेत होती. निघताना त्यांनी स्वतः पाहिली होती. ही झिजलेली होती. झाकणाची कड अंगठ्याने गुळगुळीत झालेली. इतकी झीज व्हायला तीन-चार तपं लागतात.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या घराण्याची रीत अशी की उस्तादाने शेवटच्या डबीवर एक पान कोरं सोडायचं, ते शिष्याने कोरायचं. अप्पांच्या डबीवर ते पान कोरंच राहिलं होतं. शिष्यच नव्हता. छकुली लहानपणी छिन्नी मागायची, तेव्हा त्यांनी तिला हाकललं होतं. "डावखुरी आहेस, नक्षी उलटी येईल."

या डबीवर ते पान कोरलेलं होतं. शिरा उलट्या, डावीकडे झुकलेल्या. आणि काय देखणं पान! वाऱ्याने नुकतंच वळलेलं वाटावं. आपल्या साऱ्या वेलीत असं पान नाही, हे अप्पांनी मनोमन कबूल केलं. त्यांचे डोळे भरून आले.

"कुणाची?" त्यांनी खुणेने विचारलं.

टेबलामागच्या म्हाताऱ्याने डोक्यामागे हाताने अंबाडा दाखवला, पाठ वाकवून काठी टेकल्यासारखं केलं. म्हातारी बाई. मग एकच बोट वर केलं. एकटी. मग दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले, डबी डोक्याजवळ ठेवली, आणि डोळे उघडलेच नाहीत. बराच वेळ.

अप्पांनी डबी विकत घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. छकुली आली तेव्हा म्हणाले, "काही नाही मिळालं. घरी चल."

घरी गेल्या गेल्या त्यांनी बॅगेतून आपली डबी आणि छिन्नी काढून टेबलावर ठेवली.

"बस इथे. एक पान राहिलंय."

"अप्पा, मी? माझी नक्षी उलटी येते ना?"

"मूर्ख होतो मी. येऊ दे उलटी."

छकुली बसली. छिन्नी तिने डाव्या हातात धरली. अप्पांनी काहीच दाखवलं नाही, सुचवलं नाही. तिचा हात एकदाही अडखळला नाही.

पहिली शीर डावीकडे झुकली.

दुसरी.

वाऱ्याने नुकतंच वळलेलं पान.

अप्पांना हसावं की रडावं कळेना. केवढा हात होता पोरीचा! त्यांचा हात मात्र आपोआप कोटाच्या खिशावर गेला.

छकुलीने झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. लहानपणी हसायची तशी हसली.

"अप्पा, ही मी कुणाला द्यायची नाही. कायम उशाशी ठेवणार, अगदी म्हातारी होईपर्यंत."